देवबापाशी आपल्या बोलीत

शाळेच्या महोत्सवी स्मरणिकेत माजी विद्यार्थी शिक्षकांविषयी लिहितात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र आपल्या शाळेच्या सकाळच्या उपासनेतल्या पाच मिनिटांविषयी लिहावंसं वाटतं. ती मुलांच्या प्रार्थनेची पाच मिनिटं.

बायबलमधल्या स्तोत्र 8 मध्ये तान्ह्या बाळांच्या मुखातून देव ‘बळ’ उभं करतो असं म्हटलं आहे. मंदिरात मुलं होसान्नाचा, म्हणजे येशूच्या जयजयकाराचा, गजर करत होती, तेव्हा चिडलेल्या याजकांना येशूने हेच वचन ऐकवलं. मत्तयाच्या शुभवर्तमानात (21:16) त्या जागी ‘स्तुती’ हा शब्द येतो. मुलाच्या तोंडची स्तुती हेच मंडळीचं बळ, असा मी त्याचा अर्थ घेतो.

पण पाठ केलेल्या भाषणातून हे बळ येत नाही. चौथीतलं पोर उभं राहून म्हणतं, “देवबापा, माह्या मायचा पाय बरा कर, तिले वेचाले जा लागते.” पुढे येशूच्या नावाने मागणं आणि आमेन. संपलं. कपाशीच्या हंगामात त्या घरात काय चाललंय ते सगळं त्यात आलं. तेच पोर सातवीत गेलं की पाळकसाहेबांची नक्कल करत “हे परात्पर, सर्वसमर्थ” असं सुरू करतं आणि मायचा पाय राहूनच जातो. देवाला पुस्तकी मराठीच कळते, असं आपणच नकळत त्या पोराला शिकवलेलं असतं. वऱ्हाडीत बोलणाऱ्याला मधेच थांबवून शब्द सुधारू नये.

एका दिवशी तीन मुलं पुरेत. आदल्या दिवशी नावं सांगावीत, कागद देऊ नये. एक उपकार, एक मागणी दुसऱ्यासाठी, एक स्वतःसाठी. चार वाक्यांत होतं. माइक लावला की बारकं पोर मान वर करून बोलतं आणि आवाज घशातच राहतो; त्यापेक्षा मुलांना अर्धगोलात बसवून प्रार्थना करणाऱ्याला मधे उभं करावं. टिनावर पाऊस वाजत असेल तर थोडं थांबावं. आमेन सगळ्यांनी मोकळ्या गळ्याने म्हणावं. आमेन म्हणजे ‘असंच होवो’. ते पुटपुटलं गेलं तर आपलं कुणी ऐकलंच नाही असं त्या लेकराला वाटतं.

कुणी बकरीच्या पिलासाठी मागितलं आणि मोठी माणसं हसली, तर पुढच्या खेपेला ते पोर पाठ केलेलंच म्हणेल. बापाच्या दारूचा उल्लेख आला तर तो शिक्षकांच्या खोलीत किंवा गावात बोलायचा विषय नाही.

प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, शिकवताना एक ओळ इथे फार जपून घ्यावी लागते: “जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे.” आपल्याकडच्या मुलांना ऋण म्हणजे सावकाराचं किंवा सोसायटीचं कर्ज. काही मुलं खरंच समजतात की ही प्रार्थना केली की बापाचं कर्ज सुटेल. लूकच्या शुभवर्तमानात 11व्या अध्यायात त्याच मागणीत ‘पापांची क्षमा’ असे शब्द आहेत. दोन्ही पाठ शेजारी ठेवून समजवावं. घाईने एका आठवड्यात पाठांतर उरकू नये, दर आठवड्याला एकच मागणी घ्यावी. “रोजची भाकर” मात्र समजवावी लागत नाही.

सगळ्यात अवघड प्रसंग म्हणजे प्रार्थना करूनही आजा वारतो तेव्हाचा. “तुझा विश्वास कमी पडला” हे वाक्य लेकराला कधीही ऐकवू नये. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितलं, आणि तो टळला नाही. हे त्याला शांतपणे वाचून दाखवावं. आजारपणात दवाखाना आणि प्रार्थना दोन्ही, हेही पहिल्या दिवसापासून सांगावं, नाहीतर मूल प्रार्थनेला मंतरलेल्या पाण्यासारखं समजू लागतं.

महोत्सवी वर्षात शाळेने एक वही सुरू करावी, एवढी विनंती. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. डाव्या बाजूला मागणी आणि तारीख, उजवी बाजू मोकळी. उत्तर मिळालं तर मुलाने स्वतः लिहावं, न मिळालं तर जागा कोरीच राहू द्यावी. जूनच्या अखेरीस शाळा उघडेल तेव्हा पहिलं पान पहिलीच्या वर्गाला द्यावं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं बाईंनी लिहून घ्यावं, त्यांच्याच शब्दांत.