४७,००० टाके आणि आठवड्याचे अडीच तास

माझ्या मापाच्या पूर्ण बाह्यांच्या एका स्वेटरमध्ये सुमारे ४७,००० टाके असतात. इतकी वर्षं विणतेय, पण हा हिशेब कधी मांडला नव्हता. नव्या वर्षात काय शिवायचं आणि काय विणायचं हे ठरवायला बसले, तेव्हा यादी लिहिण्याआधी हा आकडा काढला. यादीतल्या निम्म्या ओळी लिहिण्याआधीच गळाल्या.

हिशेब असा. मध्यम जाडीच्या लोकरीत माझ्या हाताचे १० सेंटिमीटरला २२ टाके आणि २८ ओळी बसतात. घेर ९६ सेंटिमीटर हवा, म्हणजे २११ टाके. पुढचं गणित विणकामावर पुस्तकं लिहिणाऱ्या एलिझाबेथ झिमरमन यांच्या टक्केवारीच्या पद्धतीने केलं. त्यात छातीचे टाके १०० टक्के धरायचे. मनगटाला त्याचे साधारण २० टक्के, दंडाला ३३, गळ्याला ४०. माझ्यासाठी मनगट ४२, दंड ७० आणि गळा ८४ टाके झाला. बगलेपर्यंतची उंची ३६ सेंटिमीटर, म्हणजे शंभर ओळी. तिथेच २१,१०० टाके झाले. दोन्ही बाह्या मिळून चौदा हजार. बाह्या अंगाला जोडल्यावर गळ्याकडे निमुळता होत जाणारा वरचा भाग साडेअकरा हजारांचा. मी मिनिटाला २० टाके विणते, गप्पा मारत विणलं तर त्याहून कमी. म्हणजे झाले ३९ तास. आणि विणायला मला खरोखर मिळतो तो वेळ आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास. आठवड्याला अडीच तास. एक स्वेटर सोळा आठवडे खाणार, तेही लोकरीची सुटी टोकं खोचणं आणि धुऊन आकाराला लावणं न धरता.

वर्षाचे आठवडे ५२. तीन स्वेटर विणले की वर्ष संपलं, शिलाई मशीनवरचं आच्छादनसुद्धा काढायचं नाही.

हे एका मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, छंद आहे ना तो? ताळेबंद कसला मांडतेस?" तिचं अगदीच चूक नाही. पण मी जास्त उरकावं म्हणून आकडे मांडले नव्हते. कमी ठरवता यावं म्हणून मांडले होते. हौसेच्या यादीला कुणी अडवत नाही, ती वाढतच जाते. तिला अडवायला काहीतरी कठोर लागतं, आणि भागाकार पुरेसा कठोर आहे.

मग कपाट उघडलं. अर्धवट राहिलेलं सगळं पलंगावर पसरलं आणि प्रत्येक कामाला एक चिठ्ठी टाचली. "काय आहे" हे तर दिसतंच. चिठ्ठीवर लिहिलं ते "कुठे थांबलंय". पूर्ण प्रक्रियेत सगळ्यात उपयोगी ठरलं ते हेच. मला वाटत होतं, कामं अवघड जागी अडत असतील. प्रत्यक्षात एकही अवघड जागी अडलेलं नव्हतं. लपती चेन नीट बसलेली, अस्तर जोडलेलं, कमरपट्टी लागलेली, आणि वस्त्र पडून आहे ते काजांसाठी. किंवा खालच्या दुमडीसाठी. विणकामात दुसरी बाही आणि टोकं खोचणं. सगळा ढीग या तीन-चार जागांवर येऊन थांबलेला.

थोडा विचार केल्यावर कारण दिसलं. काजांशी आलं की मशीनची मांडणी बदलावी लागते. फूट (सुईखाली कापड दाबून धरणारा भाग) बदला, दोरा बदला, उरलेल्या तुकड्यावर तितकेच कापडाचे थर आणि तेच फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटवायचं आतलं अस्तर) घेऊन एक काज काढून बघा, टाका दाट-विरळ करा, मग खऱ्या कापडावर जा. इतक्या तयारीनंतर शिवण पाच-दहा मिनिटांची. उरेब कापलेल्या घेराचं तर वेगळंच: तो शिवून निदान एक दिवस टांगून ठेवावा लागतो, कारण तिरका भाग आपल्याच वजनाने खाली ओघळतो. लगेच दुमडला तर पुढे काठ वर-खाली होतो. म्हणजे काम थांबवणं रास्तच असतं, पण एकदा थांबलं की मध्येच नवं कापड समोर येतं.

म्हणून यंदाच्या यादीतली पहिली ओळ कुठल्याही वस्तूची नाही. "काजांचा दिवस" असं लिहिलंय. काजांसाठी अडलेलं सगळं एकत्र घ्यायचं, फूट एकदाच लावायचा, एका रंगाच्या दोऱ्याचं सगळं आधी, मग पुढचा रंग. हा दिवस जानेवारीतच उरकला. काज कापताना त्याच्या दोन्ही टोकांना आडव्या टाचण्या लावल्या, म्हणजे हत्यार टोकाच्या टाक्यांपलीकडे घसरत नाही. संध्याकाळपर्यंत चार नवे कपडे घालण्याजोगे झाले, आणि त्यांच्यासाठी नवीन काहीच शिवलं नव्हतं. वर्षभरातलं सगळ्यात स्वस्त यश.

काही गोष्टी पूर्ण करण्यात अर्थच नव्हता. एक जाकीट होतं, खांदे उतरते आणि बाह्या वटवाघळासारख्या. ते मी आता घालणार नाही हे चिठ्ठी लिहितानाच कळलं. उसवलं. उसवलेली लोकर तशीच गुंड्यात गुंडाळून लगेच विणायला घेणारे लोक मला माहीत आहेत. मी त्यातली नाही. तिला नागमोडी वळ्या पडलेल्या असतात, त्याने टाक्यांचं माप खोटं येतं. खुर्चीच्या पाठीवर लड गुंडाळली, चार ठिकाणी सैल बांधली, कोमट पाण्यात बुडवून ठेवली आणि न पिळता टॉवेलमध्ये दाबून टांगली. वाळल्यावर धागा सरळ झाला. त्या जाकिटाचा संकल्प यादीतून गेला आणि त्याची लोकर साठ्यात आली, म्हणजे दोन्हीकडून फायदा.

साठ्याचं वजन करायला साधा वजनकाटा पुरतो. वेष्टनावर ५० ग्रॅमला ११० मीटर असं लिहिलेलं असतं. हातातला ढीग ४३० ग्रॅम भरला, तर ९४६ मीटर. आता यात स्वेटर होईल का? इथे नमुना कामाला येतो. १५ सेंटिमीटरचा चौकोन विणला, ३३ टाके आणि ४२ ओळी, म्हणजे १,३८६ टाके. वजन १५ ग्रॅम. त्या हिशेबाने ४७,००० टाक्यांना सुमारे ५१० ग्रॅम लागणार. ऐंशी ग्रॅम कमी. आणि जुन्या लोकरीचा तोच डाय लॉट, म्हणजे एकाच वेळी रंगवलेला माल, पुन्हा मिळेल या आशेवर मी काही सुरू करत नाही. शेड नंबर तोच असला तरी दुसऱ्या लॉटचा पट्टा उजेडात वेगळा दिसतोच. तेव्हा ही लोकर बिनबाह्यांच्या स्वेटरची. त्याला साधारण ३२,००० टाके धरले, ३५० ग्रॅमच्या आत, आणि उरलेल्यात एक टोपी. वेळही २७ तासांवर आला.

नमुन्याबद्दल इतकंच सांगते: तो धुऊन, वाळवून मगच मोजावा. २२ ऐवजी २० टाके बसले तर तेच २११ टाके एकशे साडेपाच सेंटिमीटर भरतात. दोन टाक्यांचा फरक, आणि स्वेटर आपला न राहता घरातल्या दुसऱ्या कुणाचा होतो.

कापडांचं त्यामानाने पटकन झालं. सुती सगळं आधी धुऊन घेतलं, कारण सूत पहिल्या धुण्यात आटतं. मग प्रत्येक घडीवर लांबी, पन्हा आणि कशाचं कापड आहे ते लिहून ठेवलं. पन्हा लिहिणं फार महत्त्वाचं. ११२ सेंटिमीटर पन्ह्याचे दोन मीटर आणि १५० पन्ह्याचे दोन मीटर यांत एका बाहीचा फरक असतो. होजियरीसारखं ताणणारं कापड वेगळ्या खणात ठेवलं, त्याला गोल टोकाची सुई लागते आणि ती सारखी काढघाल करायला मला आवडत नाही.

यानंतर नवं काय शिकायचं हा प्रश्न. दरवर्षीच्या याद्यांत हा भाग सगळ्यात मोठा आणि सगळ्यात पोकळ असतो: वेणीची वीण, जाळीची वीण, दोन रंगांचं नक्षीकाम, कोट, जीन्स. मी दोनच निवडल्या, शिवणात कॉलर आणि विणकामात मोज्याची टाच. आणि दोन्हींचं उद्दिष्ट वस्तूऐवजी नमुन्यावर ठेवलं. "यंदा शर्ट शिवेन" असं लिहिलं की कॉलर एकदाच शिवली जाते, तीही चांगल्या कापडावर, जीव मुठीत धरून. "जुन्या चादरीतून कॉलरी शिवेन, नीट जमेपर्यंत" असं लिहिलं की हात मोकळा होतो.

चादरीवर जे शिकले ते शर्टावर शिकता आलंच नसतं. वरची कॉलर खालच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठी कापायची, म्हणजे शिवण काठावरून आपोआप खाली वळते, वरून दिसत नाही. टोकाशी शिवण एकदम कोनात वळवायची नाही. एक टाका आडवा घ्यायचा आणि मग वळायचं. उलटून बघितल्यावर टोक जास्त टोकदार येतं, हे स्वतःच्या हाताने केल्याशिवाय पटत नाही. आतली माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं कापड, एकसारखी कापायची नाही, एक थर अरुंद, एक रुंद, नाहीतर इस्त्री केल्यावर कडेला उंचवटा उमटतो. आणि टोक बाहेर काढायला कात्री कधीही आत घालायची नाही. बोथट सुई किंवा बांबूची काडी. स्टँडच्या, म्हणजे कॉलरखालच्या उभ्या पट्टीच्या, दोन्ही टोकांची गोलाई सारखी यायला मात्र खरंच वेळ लागला. शेवटी पुठ्ठ्याचा साचा कापला आणि दोन्हीकडे त्यानेच शिवणीची रेघ आखली.

टाचेचंही तसंच. पूर्ण मोजा पातळ लोकरीत ६४ टाक्यांचा, त्यातले निम्मे ३२ टाचेचे. त्यावर शिकायचं तर टाचेपर्यंत पोचायलाच आठवडा जातो. म्हणून जाड लोकरीत बाहुलीच्या मापाचा मोजा घेतला, ३२ टाक्यांचा. टाच एका बैठकीत येते. ओळ पूर्ण न करता मध्येच परतायचं, परतलेल्या जागी पडणारी फट पुढच्या टाक्याबरोबर एकत्र विणून बुजवायची, एवढंच तर आहे. वाचताना काही केल्या कळत नाही. सुया हातात घेतल्या की कापडाला आपोआप बाक येतो.

ऋतूंचा विचार मी पहिल्यांदाच केला. जानेवारीत सुरू केलेला स्वेटर सोळा आठवड्यांनी, ऐन उकाड्यात पूर्ण होतो. थंडीत घालायचा तर उन्हाळ्यात सुरू करावा लागतो, आणि उन्हाळ्यात मांडीवर लोकरीचं ओझं कुणाला हवंय? यावर उपाय म्हणजे बाह्या आधी. बाही लहान असते, मांडीवर पसरत नाही. वायरच्या लांब गोल सुईवर दोन्ही बाह्या एकाच वेळी, दोन वेगळ्या गुंड्यांनी घेतल्या की दुसऱ्या बाहीचा प्रश्नच मिटतो. दोन्ही एकत्र संपतात, ओळी मोजाव्या लागत नाहीत. शिवाय बाही म्हणजे मोठा नमुनाच. हाताचं माप बदललंय का ते अंग सुरू करण्याआधी कळतं.

भेटवस्तूंसाठी एकच जागा ठेवली. बाळांचे कपडे यातून वगळले, ते चटकन होतात आणि बाळं तक्रार करत नाहीत. बाकी कुणी "माझ्यासाठी पण एक विण ना" म्हटलं की मी आता ३९ तासांचा आकडा सांगते. बहुतेक जण विषय बदलतात. ज्यांनी बदलला नाही, त्यांच्यातून एकीचं नाव यादीत आहे.

वर्षाच्या मध्याला यादी पुन्हा उघडली. बिनबाह्यांचा स्वेटर झाला होता, टोपी सुरू होती. पूर्ण बाह्यांच्या स्वेटरच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत आल्या होत्या. कॉलर जमली म्हणून शर्ट बेतला, कापला, आणि तो सध्या काजांच्या ढिगात आहे. पण आता तो ढीग म्हणजे रांग आहे, पुढचा काजांचा दिवस ऑगस्टमध्ये ठरलेला. पँट मी खोडली. तिला आधी स्वस्त कापडावर चाचणी शिवून आसनाचं माप बसवावं लागणार होतं, आणि ते मन लावून करण्याइतके तास उरलेले नव्हते. तिच्या जागी काही लिहिलं नाही. ती ओळ कोरीच ठेवलीय, कारण मोज्यांची दुसरी जोडी घ्यायचा मोह होतोय आणि टोपीतून किती लोकर उरते ते अजून काट्यावर टाकायचंय.