आरसी बुक नसलेली जुनी फियाट: बडोद्यात कागद कसे उभे केले

आरसी बुक हरवलेली गाडी वेगळी आणि आरटीओच्या दफ्तरात जिची नोंदच नाही ती गाडी वेगळी. बाजारात मात्र दोन्ही ‘पेपर नाहीत’ एवढ्याच बोलीवर विकल्या जातात आणि घेणारा फसतो तो तिथेच. पुस्तक हरवलं तर दुसरं निघतं. नोंद रद्द झाली असेल तर ती गाडी सुट्या भागांच्या कामाची, मग पत्रा कितीही सुंदर असो. त्यामुळे पैशांचं बोलणं करण्याआधी मी नोंद शोधायला निघालो.

गाडी 1969 ची फियाट 1100 डिलाइट, दांडिया बाजारातल्या एका मराठी घराच्या अंगणात उभी. मूळ मालक वारलेले. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, आणि दोन्ही मुलं विकायला राजी, पण पुस्तक कुणालाच सापडत नव्हतं.

पहिलं काम गाडीचा नंबर पक्का करण्याचं. आरटीओची जुनी बांधीव रजिस्टरं गाडीच्या नंबराप्रमाणे लावलेली असतात. चासी नंबर, म्हणजे गाडीच्या पत्र्यात कंपनीने ठोकलेला क्रमांक, घेऊन गेलात तर कारकून पान काढू शकत नाही. पाटी गंजली असेल किंवा गायब असेल तर विम्याची जुनी पावती, गॅरेजचं बिल, काचेवरचं कराचं टोकन, काहीही चालतं. आम्हाला पाटीवरच्या एका अक्षराची शंका होती. लग्नाच्या अल्बममध्ये गाडीसमोर उभं राहून काढलेला फोटो निघाला, त्यात नंबर स्वच्छ दिसला.

मग चासी नंबराचा ठसा. बॉनेट उघडलं की इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर कंपनीची पाटी दिसते. ही पाटी रिव्हेटने बसवलेली असते, म्हणजे बदलताही येते. रिव्हेट नवे, चकचकीत दिसले तर तिथेच थांबून विचारायचं. खरा पुरावा पत्र्यात ठोकलेला नंबर. त्यावर रंगाचे थर असतात म्हणून लोक ग्राइंडर किंवा जाड पॉलिश पेपर लावतात. तसं अजिबात करू नका. ठोके उथळ असतात, घासले की आकडा पुसट होतो, आणि आकड्यांवरून गेलेले ओरखडे तपासणाऱ्या इन्स्पेक्टरला खाडाखोडीसारखे दिसतात. आधी रॉकेल आणि नायलॉनचा ब्रश वापरायचा, रंग निघाला नाही तर पेंट रिमूव्हर थोडा थोडा लावून कापडाने पुसायचा. कोरडं झाल्यावर बटर पेपर दोन्ही टोकांना टेपने ताणून चिकटवायचा आणि 4बी पेन्सिलीचं शिसं आडवं धरून हलक्या हाताने फिरवायचं. तीन-चार ठसे काढून ठेवा, कारण प्रत्येक अर्जाला एक लागतो. बॅटरीचा उजेड बाजूने पाडून फोटोही घ्या. 3 की 8, 1 की 7, हा वाद पुढे उभा राहतो तेव्हा तोच उपयोगी पडतो. इंजिनाचा नंबरही असाच घ्यायचा. या मॉडेलचं मूळ इंजिन 1089 सीसीचं, पेट्रोलवरचं. पुढच्या काळात कित्येक फियाटमध्ये डिझेल इंजिनं बसवली गेली, आणि तो बदल आरसीवर चढवून घेतलेला नसेल तर तपासणीत गाडी अडते.

नंबर हाती आल्यावर दरजीपुऱ्याच्या आरटीओत नोंदीचा उतारा मागितला. एजंट लोक याला पर्टिक्युलर काढणं म्हणतात. ऑनलाइन शोधात तीन अक्षरी जुना नंबर बहुधा दिसत नाही, कारण त्या काळची नोंद संगणकावर चढलेलीच नसते. ‘रेकॉर्ड सापडत नाही’ असं स्क्रीनवर आलं म्हणून नोंद नाही असं समजू नका, आणि विकणारा तेच कारण सांगून भाव पाडायला तयार असला तरी तेवढ्यावर गाडी घेऊ नका. उताऱ्यात पाच गोष्टी बघायच्या: नाव, चासी व इंजिन नंबर, पहिल्या नोंदणीची तारीख, बँकेचा बोजा आणि शेरे. शेऱ्यात ‘दुसऱ्या राज्यासाठी एनओसी (ना-हरकत दाखला) दिली’ किंवा ‘नोंदणी रद्द’ असं लिहिलेलं असलं तर व्यवहाराचं स्वरूपच बदलतं. एनओसी बाहेर गेलेली असेल तर आधी त्या आरटीओत विचारावं लागतं. बडोद्यातल्या फार जुन्या गाड्यांचा माग आणखी लांब जातो. 1949 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, 1960 मध्ये गुजरात झाला, त्यामुळे त्याआधीच्या गाडीचा पहिला नंबर आजच्या राज्याचा नसतोच.

चोरीची खातरजमा वेगळी करायची. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) ‘वाहन समन्वय’ सेवेवर गाडीचा, चासीचा आणि इंजिनाचा असे तिन्ही नंबर टाकले की चोरीच्या नोंदीशी ताडून दाखला मिळतो. तो छापून फाइलला लावला.

हे सगळं जुळल्यावरच इसार दिला. करारात चासी व इंजिन असे दोन्ही नंबर, ‘मूळ आरसी उपलब्ध नाही’ हे स्पष्ट वाक्य, उरलेली रक्कम नाव बदलल्यावर देण्याची अट आणि ताबा दिल्याची तारीख व वेळ लिहिली. वेळ लिहिण्याला अर्थ आहे. मोटर वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याचं नाव नोंदीत आहे तो, आणि गाडी पुढे विकली गेली तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदीतला मालकच जबाबदार धरला जातो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं आहे. सह्या केलेले कोरे 29 आणि 30 नंबरचे, म्हणजे विक्रीनंतर नाव बदलण्याचे, फॉर्म हातोहात फिरवत गाडी चार जणांना विकणं म्हणूनच विकणाऱ्यालाच जास्त महागात पडतं. काकूंना मी हे बसून समजावून सांगितलं, कारण ‘सह्या करून देते, बाकी तुम्ही बघा’ असंच त्यांचं म्हणणं होतं.

मृत माणसाच्या नावावरून गाडी सरळ खरेदीदाराच्या नावावर जात नाही. आधी वारसाच्या नावावर, मग आपल्या. त्यासाठी मृत्यूचा दाखला, पेढीनामा (वारसांची वंशावळ) आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं लागली. पेढीनाम्यात सगळ्या मुलांची नावं हवीत, लग्न होऊन परगावी गेलेल्या मुलीचंही. आणि नावाचं स्पेलिंग आरटीओच्या उताऱ्यात, मृत्यूच्या दाखल्यात आणि पेढीनाम्यात एकच असलं पाहिजे. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षरात असेल तर ‘दोन्ही व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त फाइली याच कारणाने परत येतात.

उताऱ्यात देना बँकेचा बोजा निघाला. देना बँक 1 एप्रिल 2019 पासून बँक ऑफ बडोदात विलीन आहे, त्यामुळे कर्ज फिटल्याचं पत्र तिथून घेतलं आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 जोडला.

आमच्या कामाचा क्रम असा लागला: कागद हरवल्याची पोलिसांत नोंद, जुनी नोंद संगणकावर चढवणं, फॉर्म 26 ने दुसरी प्रत, फॉर्म 35, फॉर्म 25 ने नोंदणीचं नूतनीकरण व तपासणी, वारसासाठी फॉर्म 31, शेवटी विक्रीचे 29 आणि 30. तपासणीला गाडी फ्लॅटबेडवर नेली. मुदत संपलेली आणि विमा नसलेली गाडी रस्त्यावरून चालवत नेणं बेकायदा आहे, शिवाय कित्येक वर्षं उभ्या असलेल्या गाडीच्या टायरवर आणि ब्रेकच्या रबरांवर विसंबायचं नसतं. खर्चात नूतनीकरणाचा आकडा आधी विचारून घ्या. 2025 च्या ऑगस्टपासून 20 वर्षांवरच्या मोटारीला 10,000 रुपये शुल्क आहे, आणि उशिराचे दरमहा 500 रुपये त्याशिवाय. कितीतरी वर्षांची मुदत चुकलेली असेल तर हीच रक्कम व्यवहार फिरवू शकते, म्हणून तो बोजा कुणी उचलायचा हे करारातच लिहावं.

पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणीचा मार्ग आहे, 2021 च्या नियमांनुसार. पहिल्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नंतर 5,000. वय पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. जुना नंबर कायम राहतो. ‘व्हीए’ अक्षरांची मालिका नव्याने नोंदणाऱ्यांसाठी. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यासाठीच. लक्ष्मी विलास पॅलेसवर 2023 च्या जानेवारीत भरलं तसं प्रदर्शन हेच ध्येय असेल तर हा मार्ग उत्तम. रविवारी गाडी घेऊन पावागडला जायचं असेल तर साधं पाच वर्षांचं नूतनीकरण बरं, मी तेच केलं. व्हिंटेज नोंदणी झालेल्या खासगी मोटारीला विम्याच्या थर्ड पार्टी हप्त्यात 50 टक्के सूट मिळते, हेही हिशेबात धरा. पुढे अशी गाडी विकली तर घेणारा आणि देणारा, दोघांनीही 90 दिवसांत परिवहन खात्याला कळवायचं असतं.

ज्या गाडीचा नंबरच मिळत नाही, किंवा नोंदीतला मालक आणि त्याचे वारस दोन्ही सापडत नाहीत, तिला मी सुट्या भागांच्या भावापेक्षा जास्त देत नाही. ‘दुसऱ्या गाडीचं आरसी लावून देतो’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठायचं. एका गाडीचा नंबर दुसरीवर ठोकणं हा गुन्हा आहे, आणि चासीचा जोडलेला तुकडा अनुभवी इन्स्पेक्टरला वेल्डिंगच्या रेषेवरून ओळखू येतो.