आयआरसी नेटवर्कसाठी सर्व्हर चालवायचा असेल तर

आयआरसी, म्हणजे इंटरनेट रिले चॅट, ही चॅनेल नावाच्या खोल्यांत लिहून गप्पा मारायची सोय. तिचं नेटवर्क कुणा एका कंपनीच्या डेटा सेंटरमधून चालत नाही. १९८८ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी सुरू केलं. तेव्हापासून त्याचे सर्व्हर मुख्यतः विद्यापीठं, लहानमोठ्या होस्टिंग कंपन्या आणि पदरमोड करणारी हौशी माणसं चालवत आली आहेत. त्यामुळे नवीन माणसाला इथे खरोखर जागा आहे. फक्त एक गोष्ट आधीच पक्की ध्यानात घ्यावी लागते: वेबसाइट बंद पडली तर तुमचीच बंद पडते, आयआरसी सर्व्हर डगमगला तर इतरांच्या गप्पाही तुटतात.

याचं कारण नेटवर्कच्या रचनेत आहे. सगळे सर्व्हर झाडाच्या फांद्यांसारखे जोडलेले असतात आणि कोणत्याही दोन सर्व्हरमध्ये एकच वाट असते. मधल्या सर्व्हरला हब म्हणतात, टोकाच्या सर्व्हरला लीफ. लिंक तुटली की पलीकडची सगळी माणसं एकदम बाहेर पडल्यासारखी दिसतात आणि निरोपाच्या जागी फक्त दोन सर्व्हरची नावं उमटतात. हाच नेटस्प्लिट. नव्या स्वयंसेवकाला लीफच मिळतो आणि ते योग्यच आहे.

आधी ठरवा, की मशीन द्यायचं आहे की चालवायचं आहे. लिबेरा चॅटसारख्या नेटवर्कला मशीन दिलं तर त्याचा रूट ताबा (सर्वाधिकार) त्यांच्याच कार्यकर्त्यांकडे जातो. तुम्ही बिल भरता आणि पुरवठादाराशी बोलता. इतर अनेक नेटवर्कांत सर्व्हर तुम्हीच सांभाळता. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

मशीन फार मोठं लागत नाही. एक व्हर्च्युअल कोअर, १ जीबी रॅम आणि २० जीबी डिस्कवर हजारभर माणसं आरामात बसतात. कायमचा आयपीव्ही४ पत्ता आणि सोबत आयपीव्ही६ मात्र हवाच. घरच्या ब्रॉडबँडचा विचार करू नका: आपल्याकडे बहुतेक जोडण्या सीजीनॅटमागे, म्हणजे अनेक ग्राहकांच्या सामाईक पत्त्यामागे, असतात, बाहेरून पोर्ट उघडत नाही, शिवाय वीज आहेच. भाड्याचा सर्व्हर घेताना पुरवठादाराला दोन प्रश्न लेखी विचारा. आयआरसी चालवायला परवानगी आहे का? कित्येकांच्या अटींत ती सरळ नाकारलेली असते. आणि डीडॉस हल्ला (असंख्य मशीनांवरून वाहतुकीचा मारा) झाला तर काय करता? बरेच जण त्या पत्त्याकडे येणारी सगळी वाहतूक काही तास फेकून देतात. हल्ला थोपवणारी सेवा असेल तर चार पैसे जास्त मोजा, पुढे त्याचं चीज होतं.

सॉफ्टवेअर नेटवर्क ठरवतं; खालची उदाहरणं अनरियलआयआरसीडी या सर्व्हर सॉफ्टवेअरची आहेत (अशा सॉफ्टवेअरला आयआरसीडी म्हणतात). वेगळा युजर तयार करा, रूटवर काहीही चालवू नका. मूळ फाइल उतरवल्यावर तिची डिजिटल सही तपासा. २०१० च्या जूनमध्ये लक्षात आलं होतं, की याच सॉफ्टवेअरच्या ३.२.८.१ आवृत्तीची काही मिररवरची (प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवरची) फाइल आदल्या नोव्हेंबरपासून बदललेली होती आणि तिच्यात मागचा दरवाजा होता. सही तपासायला दोन मिनिटं लागतात.

लिंक जोडण्याआधी तीन गोष्टी हबच्या अ‍ॅडमिनकडून घ्यायच्या. पहिली, सर्व्हर आयडी: तीन अक्षरांचा, अंकाने सुरू होणारा, नेटवर्कभर एकमेव. दुसरी, क्लोक कीज. माणसांचे आयपी पत्ते झाकणारं मास्क यांच्यावरून बनतं. तुमच्या कीज वेगळ्या असतील तर एकाच माणसाचं मास्क तुमच्याकडे एक आणि दुसरीकडे भलतंच दिसेल, आणि चॅनेलवरचे बॅन फोल ठरतील. तिसरी, आपसातल्या लिंकचं पोर्ट. नेहमीची माणसं टीएलएसच्या सुरक्षित जोडणीवर ६६९७ ने आणि साध्या जोडणीवर ६६६७ ने येतात; सर्व्हर-सर्व्हरचं पोर्ट वेगळं ठेवून फायरवॉलमध्ये फक्त हबच्या पत्त्याला उघडं करा. आपोआप जोडणीचा पर्याय एकाच बाजूला ठेवा, लीफकडे ठेवलेला बरा. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी हाक गेली की एक जोडणी नाकारली जाते आणि लॉग उगाच भरतो.

घड्याळाकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात. स्प्लिटनंतर दोन बाजू परत जुळतात तेव्हा चॅनेल कुणाचं जुनं हे वेळेच्या शिक्क्यावरून ठरतं. जुन्या बाजूचे ऑप (चॅनेल सांभाळणारे) टिकतात, नव्या बाजूचे जातात. तुमचं घड्याळ मागे असेल तर तुमच्याकडे आत्ता उघडलेलं चॅनेल जुनं भासेल आणि हक्काचे ऑप पायउतार होतील. घड्याळ जुळवणारा क्रोनी हा प्रोग्रॅम बसवा आणि सर्व्हर सुरू होण्याआधी वेळ जुळली आहे याची खात्री करा.

आता प्रमाणपत्रं. लिंकची ओळख पासवर्डऐवजी टीएलएस कीच्या फिंगरप्रिंटने (कीवरून काढलेल्या छोट्या खुणेने) पटवणं उत्तम, पण त्यात एक खोच आहे. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं प्रमाणपत्र फार तर ९० दिवस टिकतं, आणि नूतनीकरण करताना सर्टबॉट हा प्रोग्रॅम सहसा नवी की बनवतो. की बदलली की फिंगरप्रिंट बदलतं. चालू लिंक तशीच राहते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही; पुढे कधीतरी लिंक तुटते आणि मग हब तुम्हाला ओळखच दाखवत नाही. यावर उपाय दोन: सर्टबॉटला जुनीच की वापरायला सांगा, किंवा लिंकसाठी स्वतः सही केलेलं, दीर्घ मुदतीचं वेगळं प्रमाणपत्र ठेवा. मी दुसराच सुचवेन. आणखी एक अडचण: माणसं नेटवर्कच्या सामाईक नावाने येतात, ते नाव आळीपाळीने अनेक सर्व्हरकडे वळतं. म्हणून त्या नावाची वेबमार्गे पडताळणी होत नाही, ती विनंती भलत्याच सर्व्हरवर जाऊन आदळते. ती डीएनएसमधून (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतून) करावी लागते, किंवा नेटवर्क प्रमाणपत्र वाटतं. नवी फाइल आयआरसीडीच्या युजरला वाचता येईल अशा जागी ठेवून सर्व्हरला ती पुन्हा वाचायला लावणारी छोटी स्क्रिप्टही जोडा.

लिंक जुळते, दोन सेकंदांत तुटते, परत जुळते, परत तुटते, असं दिसलं तर लॉगमध्ये सेंडक्यू (पाठवायच्या डेटाची रांग) ओलांडल्याची ओळ शोधा. जुळताना नेटवर्कमधली सगळी माणसं, चॅनेल आणि मोड यांचा लोंढा एकदम येतो. सर्व्हर-क्लासचा सेंडक्यू माणसांच्या क्लासइतकाच, काही शे केबीचा राहिला, तर तो भरतो आणि जोडणी फेकली जाते. सर्व्हरसाठी २० एमबी ठेवा. फाइल डिस्क्रिप्टरचंही (उघड्या फाइल आणि जोडण्यांच्या क्रमांकांचंही) तसंच. लिनक्सवर नेहमीची मर्यादा १०२४ असते आणि प्रत्येक माणसामागे एक खर्ची पडतो, म्हणून सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीच्या सर्व्हिस फाइलमध्ये ती वाढवा.

कुणी म्हणालं की कनेक्ट व्हायला फार वेळ लागतो, तर दोष बहुधा डीएनएसचा. आत येणाऱ्या प्रत्येकाचा पत्ता उलटा शोधला जातो आणि ड्रोनबीएलसारख्या काळ्या यादीशी ताडला जातो. मशीनवरच अनबाउंड हा रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरं शोधणारा प्रोग्रॅम) चालवा. सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत गेलात तर काही याद्या उत्तरच देत नाहीत. फायरवॉलचा कनट्रॅक (जोडण्यांच्या नोंदीचा) तक्ताही बघून घ्या. लिनक्स जुळलेली टीसीपी जोडणी, हालचाल नसली तरी, तक्त्यात पाच दिवस धरून ठेवतं. हल्ल्यात तक्ता भरला की खऱ्या माणसांची पॅकेट गळू लागतात. ६६९७ आणि ६६६७ ही पोर्टं ट्रॅकिंगमधून वगळा.

भारतातल्या माणसांसाठी सर्व्हर चालवत असाल तर एका पत्त्यावरून किती जोडण्या चालतील ही मर्यादा नीट विचार करून ठरवा. नमुना फाइलमध्ये तीन दिलेल्या असतात. मोबाइल डेटावर शेकडो अनोळखी माणसं एकाच आयपीव्ही४ पत्त्यामागे असू शकतात, त्यामुळे तिथे चौथा माणूस उगाच दाराबाहेर राहतो. अशा पट्ट्यांसाठी वेगळा, सैल नियम लिहा. आयपीव्ही६ वर मात्र मोजणी ६४ बिटांच्या पट्ट्याने व्हावी, नाहीतर एकच माणूस हवे तितके पत्ते बदलेल.

मराठीत गप्पा होणार असतील तर संदेशाची लांबी आडवी येते. आयआरसीची एक ओळ ५१२ बाइटची, त्यात पाठवणाऱ्याचं नाव आणि चॅनेलही आलं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. ‘मराठी’ हा शब्द काना-वेलांटीसकट पाच चिन्हांचा, म्हणजे १५ बाइट. ओळीत मजकुराला साधारण ४०० बाइट उरतात, म्हणजे जेमतेम १३० चिन्हं. चॅनेलच्या सूचनेत हे सांगून ठेवा, आणि लांब ओळ तोडून पाठवणारा क्लायंट सुचवा.

कायद्याची बाजूही पाहून घ्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत मध्यस्थ आणि सेवा पुरवणाऱ्यांनी लॉग १८० दिवस ठेवणं, घटना सहा तासांत कळवणं आणि घड्याळ एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) वेळेशी जुळवणं अपेक्षित आहे. सर्व्हरचा लॉग म्हणजे कोण कधी आलं-गेलं. खासगी संदेश त्यात कधीही नसावेत, आणि हे धोरण स्वागताच्या मजकुरात उघड लिहा.

थांबायची वेळ आली तर किमान महिनाभर आधी कळवा. पहिल्यांदा सामाईक नावातून तुमचा पत्ता काढायला सांगा. नवीन जोडण्या बंद करा, असलेल्यांना रोज एक सूचना द्या, माणसं ओसरू द्या. मग हबच्या अ‍ॅडमिनला सांगून लिंक सोडा, त्यांच्याकडचा लिंक ब्लॉक (तुमच्या लिंकची सेटिंग) निघाल्याची खात्री करा आणि मशीन परत करण्याआधी कीज, क्लोक कीज, लॉग सगळं पुसून टाका.