खंजिरीसाठी मोझरीला जाताना

अमरावती-नागपूर रस्त्यावर मोझरीला उतरलो, तेव्हा गुरुकुंजात, म्हणजे तुकडोजी महाराजांच्या आश्रमात, पुण्यतिथीमुळे पाय ठेवायला जागा नव्हती. महाराज गेले 11 ऑक्टोबर 1968 ला, पण पुण्यतिथी तिथीनं होते, अश्विन वद्य पंचमीला. तेव्हा पंचांग पाहूनच बेत आखा. दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी अख्खा जमाव मौन उभा राहतो. रात्री भजनाला कुठल्या कुठल्या खेड्यांतली मंडळं बसली होती आणि प्रत्येकाच्या खंजिरीचा आवाज वेगळा होता. ती घडते कशी, हे पाहायचंच ठरवलं.

कारागिराचं गाव आत, डांबरी सडकेपासून दोन किलोमीटर. पांदण रस्ता, त्यात आदल्या दिवशी पाऊस. काळ्या मातीत मोटारसायकल घालू नका. चाकात चिखल भरला की ती जागची हलत नाही. मी चप्पल हातात घेऊन निघालो. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जायचं तर आधी शेतकऱ्याला विचारावं. मला एका काकूंनी स्वतः वाट दाखवली, वर सोयाबीनच्या गंजीपाशी बसवून पाणी पाजलं.

काकाजी ओलं कातडं लाकडी कड्यावर ताणत होते. केस खरवडलेलं, भिजवलेलं बोकडाचं कातडं. ते सावलीतच वाळवायचं. एकदम उन्हात टाकलं तर आखडून फाटतं. कड्याच्या खाचांत झांजा शेवटी बसतात. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. घोरपडीला आता वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून तसली खंजिरी कुणी कौतुकानं पुढे केली तरी घेऊ नका. कातड्याऐवजी प्लॅस्टिकचं पान लावलेली खंजिरी पावसाळ्यातही उतरत नाही हे खरं, पण थापेचा तो भरीव घुमारा तिच्यात नाही. भजनाला बसायचं असेल तर कातड्याचीच घ्या.

तयार खंजिरी मी वाजवून पाहिली. आवाज बसकाच निघाला.

"वल हाय हवेत," काकाजी म्हणाले. "थोडं ऊन दाखवा तिले, मंग बोलते."

त्यांनी ती अंगणात पाचेक मिनिटं धरली, बोटानं टिचकी मारून पाहिली आणि माझ्या हातात दिली. घासाघीस केली नाही; त्या कातड्यामागे किती दिवस जातात ते डोळ्यांनी पाहिलं होतं. दिवाळीच्या आधी त्यांच्या हाताला उसंत नसते, दुपारून जाल तर बरं. परतीची बस मात्र गावातच विचारून ठेवा, अंधारात ती पांदण दिसत नाही.