पाचटाचा धूर आणि आगीचा ढग

मार्चमध्ये माळशिरस-पंढरपूरकडे पाचट पेटलं की धुराचा लोट उठतो. त्याचा ढग का होत नाही? साधा हिशोब आहे. तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो) यांतला फरक १२५ने गुणला की ढगाचा तळ साधारण किती मीटरवर बसेल ते कळतं. दुपारी ३८ अंश, दवबिंदू १२. म्हणजे तळ सव्वातीन किलोमीटरवर. एकरभर पाचटाची आग तेवढी हवा वर रेटू शकत नाही. धूर मध्येच थंड होऊन आडवा पसरतो.

शेकडो हेक्टर जंगल पेटलं तर मात्र रेटते. मग तपकिरी, पुसट कडांच्या धुरावर पांढराशुभ्र, कडा ठसठशीत असलेला फ्लॉवरचा गड्डा फुगतो. तोच ढग. २०१७पासून जागतिक हवामान संघटनेच्या मेघकोशात त्याला ‘फ्लॅमाजेनिटस’ नाव आहे.

पण पावसाची आशा धरू नका. धुराचे कण अतोनात असतात, वाफ तेवढ्यांत वाटली जाते, थेंब बारीकच राहतात आणि एकमेकांत मिसळून जड होत नाहीत. जे पडतं ते कोरड्या हवेत वाटेतच सुकतं. वीज मात्र पडते आणि दुसरीकडे नवी आग लावते. ऑस्ट्रेलियात २००९मध्ये असं झालं.

ज्वालामुखीचं गणित वेगळं. १५ जानेवारी २०२२ला पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांजवळचा लोट सुमारे ५७ किलोमीटर चढला, कारण उद्रेक समुद्राच्या पाण्यातून झाला आणि वाफ अफाट होती. सोलापूरखालचा काळा दगडही लाव्हाचाच, पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा.