पित्ताशय पोटातलं, काळजी घशाची

पित्ताशय काढायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यांना पोटाची काळजी होती आणि मला घशाची. मी एस.टी.त आहे, कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर कंट्रोलर. निम्मी ड्यूटी माइकपुढं जाते. ‘कागलमार्गे निपाणीला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे’ हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी त्याच सुरात म्हणेन. काही वर्षांपूर्वी हाताचं हाड मोडलं होतं, तेव्हा पूर्ण भूल देऊन प्लेट बसवली होती. हात वेळेत बरा झाला. घसा मात्र असा धरला की थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. कामावर हजर झाले तरी आवाज जाडाभरडाच. गडहिंग्लजचा एक ड्रायव्हर खिडकीशी येऊन म्हणाला, “काय ताई, आज आत गडी बसवलाय व्हय?”

घसा का दुखतोय याबद्दल तेव्हा घरात ज्याचं त्याचं निदान वेगळं होतं. हे म्हणाले दवाखान्यातल्या एसीमुळं, सासूबाई म्हणाल्या सलाइन थंड असतंय म्हणून. खरं कारण या वेळी कळलं. पूर्ण भुलेत अंगातले सगळे स्नायू सैल पडतात, श्वास मशीन देतं. त्यासाठी तोंडातून, स्वरतंतूंच्या मधून, एक प्लास्टिकची नळी श्वासनलिकेत घालतात. नळीच्या टोकापाशी एक छोटा फुगा असतो. तो बाहेरून हवा भरून फुगवतात, म्हणजे हवा गळत नाही आणि पोटातलं काही वर आलं तर फुप्फुसात उतरत नाही. नळी घालताना जीभ उचलायचं अवजार, मग ती नळी, तो फुगा, शेवटी घशातली लाळ ओढायची दुसरी नळी. सगळं त्या ओल्या, नाजूक अस्तरावर घासतं. नळी घातलेल्या शंभर जणांत तीस ते साठ जणांचा घसा थोडाफार दुखतो. बहुतेकांचा दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतो. म्हणूनच बहुधा कुणी त्याबद्दल आधी बोलत नाही. टाके, बिल, पथ्य यांच्यापुढं घसा कोण विचारतो!

हे सगळं सांगणाऱ्या भूलतज्ज्ञ मॅडम. सर्जननी सोनोग्राफी बघून तारीख दिली आणि भुलेच्या तपासणीला पाठवलं. आपल्याकडं पेशंट सर्जनला देव मानतो आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांचं नाव डिस्चार्ज कार्डावर वाचतो. मला विचाराल तर या तपासणीला घाई करून उठू नये, कारण घशाबद्दल जे काही करायचं असतं ते करणारा हात त्यांचाच असतो.

मॅडमनी विचारलं, पूर्वी कधी भूल घेतली होती का, काय त्रास झाला का. मी हाताचं सांगितलं, घशाचं सांगितलं आणि नोकरी काय तेही सांगितलं. मग त्यांनी तोंड पूर्ण उघडायला लावलं, जीभ बाहेर, आवाज न काढता. मान मागं टाकून बघितली. हलता दात, कवळी, दमा, ॲसिडिटी, बीपी, साखर. तंबाखू, मिसरी, सिगारेट हेही विचारलं. तोंड उघडून आत काय-काय दिसतं यावरून नळी सोपी जाईल की अवघड, याचा अंदाज बांधतात. मल्लमपाटी नावाच्या मूळ भारतीय डॉक्टरांनी अमेरिकेत १९८५ मध्ये ही पद्धत मांडली आणि आज जगभर त्यांच्याच नावानं ओळखली जाते. नळी पहिल्याच खेपेला सुरळीत गेली तर घासणं कमी. दोन-तीनदा प्रयत्न करावे लागले, नळीला रक्त लागलं, तर घसा दुखणार हे जवळजवळ धरूनच चालायचं.

“म्हणजे कुणाचा घसा धरणार ते आधी सांगता येतं?” मी विचारलं.

“नक्की नाही सांगता येत. पण अंदाज येतो,” मॅडम म्हणाल्या. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होतं, कारण एक तर आपला कंठ लहान. तरुण पेशंटना म्हाताऱ्यांपेक्षा जास्त. सिगारेट ओढणारे, दम्याचे किंवा छातीचे पेशंट, लांबलेलं ऑपरेशन, जाड नळी, जास्त फुगवलेला फुगा, भुलेतून बाहेर येताना जोरात खोकणं. थायरॉइडच्या ऑपरेशनात मानेतच काम चालतं, तिथं तर आणखी. नाकातून पोटात नळी टाकली तर तिचाही त्रास वेगळा. मी मनातल्या मनात टिक करत होते: बाई, आधीचा अनुभव, आणि त्या वेळी नेमका लागलेला खोकला.

खोकल्यावरून तारीखच पुढं गेली. स्टँडवर धूळ आणि धूर, त्यात थंडीचे दिवस, आमच्यात निम्मी माणसं त्या काळात खोकतच असतात. मॅडम म्हणाल्या, पित्ताशय आज पेटलेलं नाही, घाई नाही. घसा-छाती साफ होऊ दे, मग या. आधीच सुजलेल्या घशात नळी घातली तर घसा तर दुखेलच, पण श्वासनलिका आकसणं, दम लागणं असे मोठे धोके असतात. घरी जरा नाराजी झाली, कारण ह्यांनी रजा मंजूर करून घेतली होती. मला बरंच वाटलं.

नळीशिवाय जमणार नाही का, हेही विचारलं होतं. घशाच्या वरच टेकणारी, मास्कसारखी एक नळी असते, तिनं घसा कमी दुखतो. पण माझं ऑपरेशन दुर्बिणीचं, त्यात पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात, दाबानं पोटातलं वर यायची भीती असते, म्हणून मॅडमना श्वासनलिकेतली नळीच सुरक्षित वाटते. पटलं. घसा दोन दिवस दुखणं एकीकडं आणि फुप्फुसात ॲसिड जाणं एकीकडं.

मग प्रतिबंधाचं. त्यातली पहिली गोष्ट नळीचा आकार. बायकांना साधारणपणे ७ किंवा ७.५ नंबरची घालतात. हा नंबर म्हणजे आतल्या पोकळीचा व्यास, मिलिमीटरमध्ये. मॅडम म्हणाल्या, तुम्हाला मी ६.५ ची बघते, श्वासाला पुरते आणि कंठाला कमी घासते. दुसरी गोष्ट फुग्याचा दाब, आणि ही मला सगळ्यात जास्त पटली. फुग्यात हवा किती भरली हे पुष्कळदा त्याला जोडलेली, तोंडाबाहेर राहणारी छोटी फुगी बोटांनी दाबून ठरवतात. आमचे ड्रायव्हर टायरवर टॉमी मारून आवाजावरून हवा ओळखतात, तसलाच प्रकार. अनुभवी माणसाचं चुकत नाही असं म्हणतात, पण गेज लावलं की कळतं किती चुकतं ते. या फुग्यासाठीही गेज असतं. दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका हवा. कमी झाला तर गळतं, ३० च्या वर गेला तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठाच कमी पडतो. त्यातून नायट्रस ऑक्साइड वायू वापरला तर तो हळूहळू फुग्यात झिरपतो आणि सुरुवातीला बरोबर असलेला दाब मधेच वाढतो, म्हणून अधूनमधून तपासावं लागतं. मी सरळ विचारलं, “तुमच्याकडं गेज आहे का?” मॅडम हसल्या. “आहे. आणि एस.टी.वाल्यांनीच हे विचारावं!”

नळीला बधिर करणारी जेली लावली की झालं, असं माझ्या एका मैत्रिणीनं सांगितलं होतं. मॅडमच्या मते तिचा घशाला फारसा उपयोग नाही. त्याऐवजी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन देणार होत्या. ते तसंही उलट्या होऊ नयेत म्हणून देतातच, दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर बायकांना उलट्या जास्त होतात; घशाची सूजही त्यानं कमी होते. साखर असणाऱ्यांची साखर त्यानं वाढते, माझी नव्हती. काही ठिकाणी ऑपरेशनच्या जरा आधी केटामाइन किंवा मॅग्नेशियम घातलेल्या पाण्याच्या गुळण्या करायला देतात, तेही उपयोगी पडतं म्हणे.

आणि मग ज्येष्ठमध. सासूबाईंनी आधीच महाद्वार रोडच्या काष्ठौषधीच्या दुकानातून पुडी आणून ठेवली होती. डॉक्टरांना हे सांगायचं की नाही, या विचारात मी होते, कारण असलं काही काढलं की बहुतेक डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते. मॅडमनी उलट सांगितलं, यावर अभ्यास झालेत. लखनौच्या संजय गांधी संस्थेतल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये भुलेच्या पाच मिनिटं आधी अर्धा ग्रॅम ज्येष्ठमध ३० मिली पाण्यात घालून गुळण्या करायला दिल्या, तर घसा दुखण्याचं प्रमाण बरंच घटलं. पुढं २०१३ मध्ये व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी छातीच्या ऑपरेशनच्या २३६ पेशंटवर हेच करून बघितलं, तिथं तर दुहेरी, जाड नळी घालतात. निम्म्यांना ज्येष्ठमधाच्या गुळण्या, निम्म्यांना साखरेच्या पाण्याच्या. ज्येष्ठमधवाल्यांचा घसा कमी दुखला. हे घरी सांगितल्यावर सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. “मग? मी काय सांगत होतो!” (आमच्याकडच्या जुन्या बायका ‘होतो’च म्हणतात.)

पण त्यांचा बेत वेगळाच होता. ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून एक कांडी तोंडात धरायची, रस गिळत राहायचं. ते मॅडमनी साफ बंद केलं. भूल देताना तोंडात काहीही असलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. गुळणी करायची ती वॉर्डमध्ये, सिस्टरसमोर, सांगितलेल्या वेळी, आणि थुंकून टाकायची. ज्येष्ठमध पोटात जास्त गेलं तर बीपी वाढतं आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं, म्हणून बीपीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी मनानं काही करायचं नाही. जेवण सहा तास आधी बंद, तेलकट असेल तर त्याहून आधी. साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालतं. पूर्वी रात्रीपासून घोटभरही देत नसत आणि ऑपरेशनला जाईपर्यंतच घसा कोरडाठक पडायचा. या वेळी पहाटे उठून आठवणीनं पाणी प्यायले.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडं काही नाही, मी झोपले होते. जाग आली तेव्हा पहिल्यांदा गिळून बघितलं. खवखव होती, कोरडेपणा होता, पण काचा गिळल्यासारखं ते नव्हतं. आवाज थोडा बसला होता. गंमत म्हणजे उजवा खांदा मात्र भयंकर दुखत होता, आणि त्याची कल्पना मला नव्हती. पोटात उरलेला गॅस छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याखालच्या नसांना चाळवतो आणि दुखणं खांद्यात कळतं. हिंडा-फिरायला लागल्यावर ते गेलं. घशासाठी एवढी तयारी केली, आणि दुखलं ते न विचारलेलं!

पाणी प्यायची परवानगी मिळाल्यावर घोट-घोट, मग पेज, मग पातळ भात. भेटायला आलेल्या जावेनं पांढरा रस्सा करून आणायची तयारी दाखवली, “तांबडा नको, पांढरा तर चालतोय की!” पित्ताशय नुकतंच काढलेलं आणि घसा ओला; दोन्हीला तो चालणारा नव्हता. मॅडम दुसऱ्या दिवशी येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, सारखं खाकरू नका, ओरडू नका, आणि कुजबुजूही नका. कुजबुजण्यानंही स्वरतंतूंना ताण पडतो; हळू पण नेहमीच्या आवाजात बोला. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, दिवसभर पुरेसं पाणी. दुखण्यासाठी जी गोळी चालू आहे ती घशालाही पुरते, वेगळं काही नको.

काय झालं तर वाट बघत बसायचं नाही तेही त्यांनी सांगितलं. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, दम लागणं, थुंकीही गिळता न येणं, मानेला सूज, थुंकीतून पुन्हा-पुन्हा रक्त, ताप: यातलं काहीही झालं तर लगेच दवाखाना. आणि आवाज एक-दोन आठवड्यांत पूर्ववत झाला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीनं स्वरतंतू बघून घ्यायचे. कधी-कधी नळीमुळं स्वरतंतूला इजा होते किंवा कंठातला छोटा सांधा सरकतो. क्वचित होतं, पण लवकर कळलेलं बरं. मला ती वेळ आली नाही. डिस्चार्जच्या आत घसा जवळपास मोकळा होता. आवाज सुधारायला थोडे जास्त दिवस लागले, आणि सुरुवातीला मी माइकऐवजी नोंदवहीचं काम मागून घेतलं.

निघताना एक मागून घेतलं. भुलेच्या कागदावर नळी कितीची घातली, सहज गेली की अवघड, हे लिहिलेलं असतं, ते पेशंटला मिळतंच असं नाही. मॅडमनी डिस्चार्ज कार्डावरच एका ओळीत लिहून दिलं: ६.५ नंबर, पहिल्या प्रयत्नात, अडचण नाही. पुन्हा कधी भूल घ्यावी लागली तर पुढच्या डॉक्टरांना हातात काहीतरी असेल.

आता ह्यांच्या हर्नियाचं चाललंय. ते मणक्यातल्या भुलेखाली होईल म्हणतात, म्हणजे नळीचा प्रश्न नाही. पण ती भूल पुरी पडली नाही तर पूर्ण भूल द्यावी लागते, म्हणून त्यांच्या फाईलमध्येही मी प्रश्नांचा कागद लावून ठेवलाय. सर्जननी ऑपरेशनच्या आधी सिगारेट सोडायला सांगितलीय. ते अजून ‘उद्यापासून’वरच आहेत.