डॉलरचा भाव हलतो तो कशाने?

रुपया १० पैशांनी घसरला की बातम्यांमध्ये देशाची अब्रू गेल्यासारखा सूर लागतो. प्रत्यक्षात सकाळी ९ ते दुपारी ३.३० या वेळात बँका आपसात डॉलर घेतात-विकतात आणि त्या दिवशी घेणारे जास्त होते, एवढाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो.

घेणाऱ्यांत तेल कंपन्या सगळ्यात मोठ्या. गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आपण बाहेरून आणतो. मोठ्या टँकरमध्ये साधारण २० लाख पिंपं मावतात. पिंपाला ८० डॉलर धरले तर एका जहाजाचं बिल १६ कोटी डॉलर, म्हणजे ८५ च्या भावाने १,३६० कोटी रुपये. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलर ६८ च्या वर गेला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने सरकारी तेल कंपन्यांना थेट आपल्याकडून स्वॅपवर, म्हणजे ठरलेल्या मुदतीनंतर परत करण्याच्या बोलीवर, डॉलर दिले. ही मागणी बाजारात आलीच नाही, तर भावावरचा ताणही तेवढा कमी.

भाव हलवणारी दुसरी गोष्ट म्हणजे परदेशी गुंतवणूकदारांचा पैसा. तो येतो हळूहळू, जातो मात्र एकदम.

‘डॉलरचा साठा एवढा आहे, मग रिझर्व्ह बँक डॉलर विकून भाव का धरून ठेवत नाही?’ हा प्रश्न नेहमीचा. विकते की, पण फुकट नाही. ८५ च्या भावाने १०० कोटी डॉलर विकले की ८,५०० कोटी रुपये बँकांकडून तिच्याकडे जातात. बँकांना रोकड कमी पडते, कॉल मनीचे, म्हणजे बँकांनी एकमेकींकडून एका दिवसापुरत्या घेतलेल्या उसनवारीचे, दर चढतात, आणि ते रुपये पुन्हा सोडावे लागतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन वर्षांच्या मुदतीचा १,००० कोटी डॉलरचा स्वॅप झाला तो यासाठीच: आज डॉलर घेऊन रुपये द्यायचे, मुदत संपली की उलट.

आयातदार फसतात ते फॉरवर्डच्या भावात, म्हणजे पुढच्या तारखेला घ्यायच्या डॉलरसाठी आजच ठरवलेल्या भावात. हाजिर (आजचा) भाव ८५, रुपयाचं व्याज ६.५ टक्के, डॉलरचं ४.५, तर वर्षभराचा फॉरवर्ड ८५ × १.०६५ ÷ १.०४५, म्हणजे ८६.६३ च्या आसपास. हे १ रुपया ६३ पैसे म्हणजे रुपया पडण्याचं भाकीत नव्हे, दोन व्याजदरांमधला निव्वळ फरक. ‘प्रीमियम (हा वरचा फरक) महाग आहे’ म्हणून कव्हर न घेता, म्हणजे फॉरवर्डने भाव बांधून न ठेवता, बसलात, तर हे १.६३ वाचतील, पण वर्षाने डॉलर ९० झाला तर डॉलरमागे ३ रुपये ३७ पैसे खिशातून जातील.